माथ्यावरचा सांधा

नदी कार्यालयाच्या मागच्या दालनात अख्खी नदी जमिनीवर पसरलेली होती. उगमाकडचे डोंगर भिंतीला टेकून, कमरेएवढे उंच. मधला सखल मुलूख दालनभर. आणि अगदी दाराशी, लोक चपला काढायचे त्याच्या जरा अलीकडे, नदी जिथे संपते ते खारं तळं. या नदीने समुद्राचं तोंड कधी पाहिलेलं नाही. चहूबाजूंनी जमीन उंच, त्यामुळे आपल्या मुलखात पडलेलं सगळं पाणी गोळा करून ती निमूटपणे त्या तळ्यात जाऊन बसते आणि पुढचं काम ऊन करतं. शहाणी नदी, असंच तिला म्हणायचे. कुठे जायचं ते तिला पक्कं ठाऊक आहे, असा एकूण समज होता.

प्लॅस्टरचं हे मॉडेल आप्पांच्या हातचं. आप्पा निवृत्त झाले आणि त्यांची थोरली मुलगी, शिकून-सवरून, रीतसर परीक्षा देऊन, त्याच दालनाची प्रमुख म्हणून येऊन बसली. घरात तिला सगळे थोरली म्हणत, कार्यालयात मॅडम, आणि पाठीमागे ‘मॉडेलची सासू’. कोणी चपलांसकट आत पाऊल टाकलं की तिच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा, मग तो साहेब असो की सफाईवाला. बापाचं हे काम ती रोज सकाळी ओल्या फडक्याने स्वतः पुसायची. दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायचं तिच्या जिवावर यायचं.

आप्पांनी तिला दोन नियम शिकवले होते. पहिला म्हणजे सांधा माथ्यावर घ्यायचा. मॉडेल लाद्यांचं बनतं, लाद्या एकमेकींना जोडाव्या लागतात, आणि जोड असला की गळती आलीच. म्हणून दोन लाद्यांमधला सांधा नेहमी माथ्यावर आणायचा, म्हणजे ज्या उंच रेषेवरून एका अंगाचं पाणी या खोऱ्यात उतरतं आणि दुसऱ्या अंगाचं पलीकडच्या, तिथे. माथ्यावर पाणी टिकत नाही, सांधा कोरडा राहतो, खालचं लाकूड कुजत नाही. दुसरा नियम त्याहून सोपा. फट दिसली की भर, विचार करत बसू नकोस.

त्या दुपारी ती दालनात एकटीच होती आणि बाहेर आठवडाभराचा पाऊस अजून हटायला तयार नव्हता. वरच्या डोंगरांत तर तो नुसता कोसळत होता. खारं तळं काठोकाठ भरलं होतं. तळं भरलं की नदीला पुढे सरकायला जागा उरत नाही आणि ती मागे मागे फुगत येते, तशी ती शहरातल्या पुलापर्यंत फुगत आली होती. नदीकाठच्या आळ्या रिकाम्या करायचं कार्यालयाच्या साहेबांनी सकाळीच ठरवलं. लोकांना कुठे न्यायचं यावर फारशी चर्चाच झाली नाही. पूर्वेकडचा माथा ओलांडला की पलीकडच्या कोरड्या खोऱ्यात नवी वस्ती होती. त्या खोऱ्यात नदी यायचा प्रश्नच नव्हता, मधे माथा होता. ती वस्ती वसवायचं ठरलं तेही याच मॉडेलभोवती उभं राहून, हातातल्या काठीने, ‘इथे’ म्हणून. सकाळपासून बसगाड्या भरभरून लोक तिकडे चालले होते. वस्तीतल्या शाळेत त्यांची सोय लावत होती थोरलीची धाकटी बहीण. ती त्या शाळेची मुख्याध्यापिका. आप्पाही तिच्याकडेच राहायचे.

संध्याकाळी वरचे अधिकारी येणार होते. साहेबांना त्यांना मॉडेलवर पाणी सोडून दाखवायचं होतं की बघा, लोक कसे सुरक्षित जागी आहेत. म्हणून थोरलीने आधी एकदा करून पाहायचं ठरवलं. तिने दाराजवळचं तळं भरलं, अगदी काठापर्यंत, बाहेर आहे तसं. मग उगमाकडचा नळ सोडला. पाण्यात निळा रंग टाकलेला होता.

तळं भरून वर पाणी सोडायचं कधी कोणाच्या मनात आलं नव्हतं. मॉडेल दाखवायचं म्हणजे पाणी डोंगरातून धावत येतं, तळ्यात पडतं, पाहुणे टाळ्या वाजवतात, चहा. आज पाणी तळ्यात पडेना. ते पसरलं, मागे सरकलं, मधल्या मोठ्या वळणापाशी चढलं आणि पूर्वेकडच्या माथ्याला जाऊन टेकलं. थोरली गुडघ्यांवर बसून बघत होती. माथ्याच्या अंगावर केसाएवढी बारीक निळी रेघ उमटली. बघता बघता ती रेघ माथा ओलांडून पलीकडे उतरली, आणि कोरड्या खोऱ्यात, रंगवलेल्या चिमुकल्या घरांच्या अलीकडे, निळा थेंब साचला.

‘गळतंय मेलं,’ असं म्हणून ती पुट्टीचा डबा आणायला उठली. एवढंच तिच्या डोक्यात आलं. इतकी वर्षं अंगात मुरलेली सवय ती.

नवी पुट्टी भरायची तर जुनी सुटलेली खरवडून काढावी लागते. तिने पटाशी लावली. कपचा निघाला. पुन्हा लावली, आणखी कपचा निघाला, आणि खाली पुन्हा पुट्टीच. ती खरवडत राहिली. आता प्लॅस्टर लागेल, मग लागेल. शेवटी पटाशीला जरा जोर दिला तर हातभर लांबीचा अख्खा डोंगर तिच्या हातात आला. खाली दोन लाद्या एकमेकींना चिकटून होत्या, सपाट, गुळगुळीत, एकाच पातळीत. मधे उंचवटा म्हणून काही नव्हताच.

तिने धावत जाऊन पश्चिमेकडचा माथा खरवडून पाहिला. वरवरची पुट्टी निघाली आणि खाली प्लॅस्टरचा खरा डोंगर लागला. उत्तरेचाही तसाच, खरा. मग ती परत आली आणि त्या एका उघड्या पडलेल्या जागेकडे बघत राहिली. मग तिचं लक्ष दाराकडे गेलं. दालनाचं दार होतं तेवढंच रुंद. लादी त्यातून आत यायला हवी, म्हणून इथे सांधा घेणं भाग पडलं असणार, माथा असो वा नसो. सपाट जागी सांधा आला, तो गळायला लागला, गळती थांबवायला आप्पांनी त्यावर पुट्टीची वळी घातली आणि बाकीच्या डोंगरांसारखी तपकिरी रंगवून टाकली. खऱ्या मापाने केलं तर सगळा मुलूख टेबलासारखा दिसेल म्हणून मॉडेलात उंची ताणून दाखवतात. त्या ताणलेल्या मापाने आप्पांची ती बोटभर वळी खऱ्या जमिनीवर दुमजली घराएवढी ठरली होती. आणि सांधा नेहमी माथ्यावरच असतो हे ज्याला त्याला ठाऊक होतं. म्हणजे सांधा दिसला की तिथे माथा असणारच, असं मानायला लोक मोकळे.

ती साहेबांना हाताला धरून दालनात घेऊन आली. साहेबांनी चपला काढल्या नाहीत आणि ती काही बोलली नाही, यावरूनच खरं तर त्यांनी ओळखायला हवं होतं.

तिने पुन्हा पाणी सोडलं. निळं पाणी वळणापाशी चढलं, उघड्या सांध्यावरून सरळ पलीकडे गेलं आणि त्या चिमुकल्या घरांना वेढा घालून बसलं.

साहेबांनी वाकून उघडा सांधा पाहिला. मग म्हणाले, ‘मॅडम, डोंगर तुम्हीच फोडलात. मग पाणी जाणारच की.’

‘अहो, डोंगर नव्हताच! नुसती पुट्टी होती.’

‘ती पुट्टी आता कुठे आहे?’

ती होती केराच्या टोपलीत, भुगा होऊन. थोरलीने टोपली पुढे केली. साहेबांनी आत डोकावून पाहिलं. आजारी माणसाकडे बघावं तसे ते तिच्याकडे बघत होते.

‘नकाशातही माथा आहे,’ ते म्हणाले.

‘नकाशा या मॉडेलवरून सुधारला, साहेब.’

‘आणि मॉडेल?’

‘नकाशावरून.’

‘झालं तर मग,’ साहेब म्हणाले, जणू दोन साक्षीदार एकमेकांना दुजोरा देत होते. ‘तुम्ही चार रात्री झोपलेल्या नाही आहात. हजारभर लोक तिकडे पोचलेत. त्यांना आता परत आणू? कुठे? पाण्यात?’ जाता जाता दाराशी थांबून ते हळू आवाजात म्हणाले, ‘वरचे लोक यायच्या आत तेवढं दुरुस्त करून ठेवा.’

वाईट माणूस नव्हता तो. पण आपण लोकांना वाचवलं या समाधानात असलेल्या माणसाला हलवणं महाकठीण, हे थोरलीला त्या दिवशी कळलं. तिने आप्पांना फोन लावला.

‘आप्पा, पूर्वेकडच्या सांध्याखाली काय होतं?’

मागे कुठेतरी शाळेतल्या गर्दीचा गलका.

‘सांधा माथ्यावरच असतो,’ आप्पा म्हणाले आणि फोन ठेवून दिला.

तिच्या मनात पाल चुकचुकली. आप्पा फोन कधी असा ठेवत नसत. ‘जेवलीस का’ विचारल्याशिवाय तर नाहीच. तिने गाडीची किल्ली घेतली.

नव्या वस्तीचा रस्ता तिच्या पायाखालचा होता, दर सुट्टीला ती याच रस्त्याने जायची. आज ती पहिल्यांदा चढ शोधत होती. पाऊस बारीक झाला होता. दोन्ही बाजूंना गवत, पाणथळ, मधेच लव्हाळे. डाव्या हाताला, बऱ्याच लांब, नदीचं मोठं वळण असणार. तिथून एक सलग करडा पट्टा दिसत होता आणि तो आभाळ आहे की पाणी ते कळत नव्हतं. ‘माथा सुरू’ असा फलक आला. ‘माथा समाप्त’ असाही आला. नकाशा बघून कोणीतरी इमानेइतबारे रोवलेले. दोन फलकांच्या मधल्या वाटेत गाडीला गिअर बदलावा लागला नाही. इतकी वर्षं कधीच बदलावा लागला नव्हता, आणि ते तिच्या, नद्यांची पदवी घेतलेल्या बाईच्या, लक्षात आलं नव्हतं. तिला स्वतःचा इतका राग आला की तिने स्टिअरिंगवर मूठ आपटली.

आप्पा शाळेला लागून असलेल्या धाकटीच्या घराच्या ओसरीत खुर्चीवर बसले होते, अंगावर स्वेटर, मांडीवर मुठीची काठी. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, पण तिच्या चालण्यावरून त्यांनी तिला ओळखलं.

‘आलीस?’ ते म्हणाले.

समोर फुलझाडांचे वाफे होते. वाफ्यांना कडेने गोट्यांची ओळ लावलेली, वाटोळे, गुळगुळीत, एकसारखे गोटे. घराचा पाया खणताना ढिगाने निघाले होते. फुकटात बाग सजली म्हणून धाकटी किती खूश झाली होती. थोरलीने त्यातला एक उचलला आणि आप्पांच्या हातात ठेवला.

‘गोटा असा गोल कशाने होतो, आप्पा? हे मला तुम्हीच शिकवलंत.’

आप्पांनी गोटा चाचपला. त्यांना तो चाचपायची गरज नव्हती.

‘वाटलं, फार जुनी गोष्ट असेल,’ ते म्हणाले. ‘माणसं नव्हती तेव्हाची. तेव्हा नदी इकडून गेली असेल एखाद वेळेस.’

‘आणि रोज संध्याकाळी काठी घेऊन कुठे जाता? धाकटी म्हणते, पाय मोकळे करायला.’

‘बघायला जातो.’

‘काय?’

‘माथा कुठे आहे ते.’

‘सापडला?’

आप्पांनी मान हलवली. नाही.

‘मग बोलला का नाहीत!’

‘कोणाला बोलू? घरं बांधून झाली होती. लोक राहायला आले होते. आणि मॉडेल... तू रोज पुसायचीस ते. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचीस, माझ्या वडिलांनी केलंय.’ त्यांनी गोटा या हातातून त्या हातात घेतला. ‘म्हणून शहरातलं घर सोडून इथे राहायला आलो. म्हटलं, पाणी आलंच तर आधी मला यावं.’

‘आधी तुम्हाला?’ थोरली ओरडली. बापाशी ती आयुष्यात एवढ्या मोठ्याने बोलली नव्हती. ‘या घरात तुमची दोन नातवंडं झोपतात, आप्पा! पाणी काय तुमचं तोंड बघून थांबणार होतं?’

आप्पांनी तो गोटा तिच्यापुढे धरला, परत घे म्हणून. तिला त्यांची दया आली आणि दया आल्याचा आणखी राग आला. तिने त्यांना दंडाला धरून उठवलं.

‘चला शाळेत. माझं कोणी ऐकणार नाही, तुमचं ऐकतील. मॉडेल तुमचं आहे.’

‘पाऊस उतरू दे,’ आप्पा म्हणाले. ‘उद्या सांगतो.’ पण ते तिच्याबरोबर चालू लागले.

शाळेच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. सतरंज्या, गाठोडी, रडणारी पोरं, वाळत टाकलेले कपडे. धाकटी कमरेला पदर खोचून कोपरे वाटून देत होती, म्हाताऱ्यांना भिंतीकडे, तान्ह्यांना दारापासून लांब. तिचा नवरा हातात कर्णा घेऊन बाकावर उभा होता. जावईबापूंना कर्ण्याची गरज मुळात नव्हती, पण मिळाला होता तर सोडतील कशाला. स्वयंसेवकांचे ते प्रमुख.

‘या ताई, या! चहा घ्या आधी,’ ते कर्ण्यातूनच म्हणाले.

थोरलीने त्यांच्या हातातून कर्णा काढून घेतला. जमेल तसं, तुटक, तिने सांगितलं. इथे थांबू नका, माथा नाही, पाणी इकडे येऊ शकतं. सभागृहातला गलका कमी झाला, पण घाबरून नव्हे. लोक दमले होते. हिरवी शाल पांघरलेली एक बाई, खांद्यावर झोपलेलं मूल, उठून उभी राहिली.

‘सकाळी तुम्हीच आम्हाला बसमध्ये कोंबलंत,’ ती म्हणाली. ‘माझं पोर आत्ता कुठे झोपलंय. आता तुम्हीच उठवायला आलात? एकदा काय ते ठरवा बाई.’

काय चुकीचं बोलली ती? थोरलीने आप्पांकडे पाहिलं. आप्पा दाराशी काठीवर भार टाकून खाली बघत होते. धाकटी जवळ आली आणि कुजबुजली, ‘ताई, काय चाललंय तुझं? लोकांची पाचावर धारण बसेल अशाने.’

तेवढ्यात जावयाचा फोन वाजला. साहेबांचा होता. जावयाने ऐकलं, त्याचा चेहरा फुलला, आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून त्याने फोन कर्ण्याजवळ धरला.

‘आनंदाची बातमी आहे,’ साहेबांचा आवाज सभागृहभर घुमला. ‘पुलाजवळचं पाणी उतरलं! अर्ध्या तासात पुरुषभर उतरलं. धोका टळला. सगळ्यांना सांगा, आहात तिथेच आरामात राहा. आणि मॅडम आहेत का तिथे? मॅडम, आपलं मॉडेल बरोबर निघालं बरं का!’

सभागृहात एकच जल्लोष झाला. लोकांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. कोणी रडलं. हिरव्या शालीतली बाई पोराला सांभाळत हळूच खाली बसली आणि तिने डोळे मिटले.

थोरली मात्र जागच्या जागी थिजली. छपरावर पाऊस वाजतच होता. वरच्या डोंगरांत तो थांबलेला नव्हता, तळं भरलेलंच होतं. तिने आप्पांकडे पाहिलं आणि आप्पांनी, धूसर डोळ्यांनी का होईना, तिच्याकडे. त्या दोघांशिवाय त्या गर्दीत कोणाच्याच तोंडचं पाणी पळालं नव्हतं.

आप्पा चालत मधोमध आले. लोकांनी त्यांना वाट करून दिली. मॉडेलवाले आप्पा, त्यांना वस्तीत कोण ओळखत नव्हतं?

‘उतरलं नाही,’ आप्पा म्हणाले. कर्ण्याशिवाय. पहिल्यांदा कोणाला ऐकू गेलं नाही. त्यांनी काठी फरशीवर आपटली. ‘पाणी उतरलं नाही. वळलंय. पाऊस चालू असताना, तळं भरलेलं असताना, नदी कधी अशी उतरते का? ती इकडे वळलीय. पूर्वेकडचा माथा मी केलाय. माझ्या हाताने, पुट्टीचा. सांधा गळत होता म्हणून. तिथे जमिनीवर काही नाही. मी रोज जाऊन बघतो, तिथे काही नाही!’

जावई पुढे झाला आणि अगदी मायेने त्याने आप्पांच्या खांद्यावर हात ठेवला.

‘आप्पा, बसा बरं जरा,’ तो म्हणाला, आणि लोकांकडे वळून, ‘वय झालंय. हल्ली थोडं इकडचं तिकडे होतं त्यांचं.’

लोकांनी समजुतीने माना डोलावल्या. काही जण हसले, वाईट हेतूने नव्हे. आप्पांचं तोंड उघडंच राहिलं. इतकी वर्षं गिळून ठेवलेली गोष्ट त्यांनी एकदाची सांगितली होती आणि ती कोणी घेतलीच नव्हती.

धाकटी वडिलांच्या पायांकडे बघत होती. रोज संध्याकाळी आप्पा परतले की त्यांच्या चपलांचा चिखल तीच धुवायची, आणि रोज कुरकुरायची की एवढ्या पावसाळी हवेत कशाला तडमडता.

‘माझ्या बापाला सगळं आठवतं,’ ती नवऱ्याला म्हणाली आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन तिने शाळेची घंटा बडवायला सुरुवात केली.

बसगाड्या परत गेल्या होत्या. चालतच निघायचं होतं, वस्तीपलीकडच्या दगडखाणीच्या टेकडीकडे. आप्पा पुढे झाले. शाळेपासून टेकडीपर्यंतची जमीन कोणाच्याही डोळ्यांना सारखीच दिसली असती, पण त्यातून कमरेएवढी उंच एक पट्टी नागमोडी जात होती आणि आप्पांना ती पायाने पाठ होती. माथा शोधता शोधता त्यांना सापडलेली तेवढीच उंच जागा. काठी टेकत, आंधळ्यासारखे, ते न थांबता चालत होते. मागे धाकटी दोन पोरांना धरून, तिच्यामागे वस्तीतली माणसं, गाठोडी, म्हातारे. जावई एका आजीबाईंना पाठुंगळी घेऊन बडबडत येत होता, की हे सगळं उगाच आहे, उद्या लोक तोंडात शेण घालतील. पण येत होता.

थोरली सगळ्यांत मागे राहिली. सभागृहाच्या दारात उभी राहून ती हाका मारत होती. जे वस्तीतले होते ते घंटा ऐकून उठले होते. शहरातून आलेल्यांपैकी पुष्कळ जण हललेच नाहीत. त्यांनी साहेबांचा आवाज स्वतःच्या कानांनी ऐकला होता. ‘पोर उठेल,’ हिरव्या शालीतली बाई फक्त एवढंच म्हणाली. थोरलीने तिचा हात धरून ओढला. बाईने तो सोडवून घेतला.

अंगणात पावसाचं पाणी साचलेलं होतं, स्वच्छ, आभाळ दिसावं असं. त्यात एका बाजूने गढूळ, तांबूस पाण्याची जीभ हळूहळू शिरत होती. आवाज बिलकूल नव्हता. थोरली किंचाळली, दारावर मुठी मारल्या, आणि मग पायांखाली ओढ जाणवली तशी ती पळाली.

खाणीच्या टेकडीवर ती पोचली तेव्हा संधिप्रकाश होता. खाली नव्या वस्तीच्या जागी एक मोठी करडी नदी, अगदी सरळ, जणू पूर्वीपासून तिथेच होती अशी, चालली होती. वाफे, कुंपणं, ओसऱ्या काहीच उरलं नव्हतं. शाळेच्या खिडक्यांत अजून उजेड होता. माणसं एका जागी गोळा होऊन उभी होती. धाकटीने दोन्ही मुलांची तोंडं आपल्या पोटाशी धरली होती, त्यांनी बघू नये म्हणून.

आप्पा एका दगडावर बसले होते. थोरली त्यांच्याजवळ जाऊन बसली. पायापासून डोक्यापर्यंत ती चिखलाने भरली होती. त्यांनी चाचपत तिचा हात शोधला आणि घट्ट धरला.

‘मला नीट दिसत नाही गं,’ ते म्हणाले. ‘सगळे आले ना?’

तिने खाली पाहिलं. शाळेच्या खिडक्यांतला उजेड एकदा लुकलुकला आणि गेला.

‘आले, आप्पा,’ ती म्हणाली. ‘सगळे आले.’